चर्चा: स्कॉटसाठी बीअर्डमोर हिमनदीची वाटच चुकीची होती का?

हिमरेषा

१९११-१२ मध्ये ब्रिटिश स्कॉट आणि नॉर्वेजियन आमुंडसेन यांच्यात दक्षिण ध्रुव आधी गाठण्याची चुरस होती; आमुंडसेन आधी पोचला, स्कॉट आणि त्याचे साथीदार परतताना मेले. रॉस आइस शेल्फवरून (समुद्रावर तरंगणारा बर्फाचा प्रचंड थर) दक्षिण ध्रुवाच्या पठारावर जायचं तर मध्ये ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग आडवी येते. ती चढायला हिमनद्यांखेरीज वाट नाही. स्कॉट बीअर्डमोरने चढला, लांबी सुमारे २०० किमी. आमुंडसेन ॲक्सेल हायबर्गने चढला, लांबी सुमारे ४८ किमी. माझं मत असं की स्कॉटची मोहीम पठारावर किंवा शेल्फवर बिघडण्याआधी बीअर्डमोरवरच बिघडली.

हिशेब बघा. ५ ते ८ डिसेंबर १९११ हे चार दिवस ब्लिझार्डने (हिमवादळाने) स्कॉटच्या तुकडीला हिमनदीच्या पायथ्याशी डांबून ठेवलं. त्यात पुढच्या टप्प्यासाठी राखलेल्या शिध्याला हात घालावा लागला. ९ तारखेला उरलेली तट्टं मारली, ११ तारखेला कुत्रे परत पाठवले. तिथून वर बारा माणसांनी तीन स्लेज (बर्फावरच्या घसरगाड्या) खांद्याला पट्टे लावून ओढल्या, माणशी सुमारे ९० किलो. पठाराच्या कडेला पोचायला २१ डिसेंबर उजाडला. आमुंडसेन १७ नोव्हेंबरला चढू लागला आणि २१ला वर होता. परतताना हाच फरक पुन्हा भोगावा लागला. स्कॉटच्या पाच जणांना बीअर्डमोर उतरायला ७ ते १७ फेब्रुवारी लागले आणि पायथ्याशी एडगर इव्हान्स गेला. लांब हिमनदी म्हणजे बर्फातल्या खोल भेगांच्या प्रदेशात जास्त दिवस. थकलेल्या माणसांना हे परवडत नाही.

नकाशावाला

लांबी सांगितलीत, चढ सांगितला नाहीत. बीअर्डमोरचा चढ किलोमीटरमागे सरासरी दहा-बारा मीटर पडतो. माणसाने स्लेज ओढायची तर चढ असाच पसरट हवा. ॲक्सेल हायबर्गची बरीचशी उंची तुटक्या हिमप्रपातांत एकवटली आहे. आमुंडसेनला तिथे काही टप्प्यांत एकेका स्लेजला दुप्पट कुत्रे जुंपून आळीपाळीने भार वर न्यावा लागला. हेच काम चार माणसांनी पट्ट्याने करायचं म्हटलं तर तोच उतार दोनदा-तीनदा चढायचा. मग ४८ किमीचे शंभराच्या वर होतात.

आणि आमुंडसेन चार दिवसांत चढला हा आकडा फसवा आहे. वर पोचल्यावर कुत्रे मारलेल्या तळावर (४२ पैकी २४ तिथे मारले) वादळामुळे मुक्काम लांबला. पुढे पठारावर डेव्हिल्स ग्लेशियरच्या भेगांत त्यांचे बरेच दिवस गेले. स्कॉटला भेगा वाटेच्या मध्यावर लागल्या, आमुंडसेनला माथ्यावर.

शिवाय भूगोल बघा. स्कॉटचा तळ रॉस बेटावर. तिथून सरळ दक्षिणेला गेलं की समोर बीअर्डमोर येते. ॲक्सेल हायबर्गचं मुख तिच्या मुखापासून तीनशे किलोमीटरहून जास्त दूर, आग्नेयेला. ती हिमनदी तोवर कोणी पाहिलीही नव्हती. आमुंडसेनला ती समोर दिसली आणि त्याने ती घेतली. मिळालेल्या यशावरून आधीचा निर्णय जोखू नका.

वाटाड्या

‘नशीब’ हा शब्द नकाशावाला यांनी वापरला नाही, पण रोख तोच आहे. आमुंडसेनच्या तळाचीच जागा घ्या. बे ऑफ व्हेल्स ही शेल्फच्या कडेची खाडी १९०८ मध्ये शॅकल्टनने (स्कॉटआधी बीअर्डमोर चढलेला ध्रुवप्रवासी) नाकारली, कारण १९०२ नंतर शेल्फची कड तिथे तुटून खाडीचा आकारच बदलला होता. तिथे राहायचं म्हणजे झोपेत समुद्रात तरंगत जाण्याची भीती. आमुंडसेनने जुनी वर्णनं ताडून पाहिली, खाडी साधारण त्याच जागी टिकते हे ताडलं आणि खालचा बर्फ जमिनीवर टेकलेला असणार असा निष्कर्ष काढला. तळाच्या खालचा बर्फ तरंगताच होता, पण जवळच रूझवेल्ट बेट बर्फाखाली दडलेलं आहे आणि त्यानेच प्रवाह अडवला जातो. म्हणजे कारण पूर्ण बरोबर नव्हतं, निरीक्षण बरोबर होतं. १९८७ मध्ये बी-९ हा प्रचंड हिमखंड सुटला तेव्हा ती खाडी नाहीशी झाली. धोका खरा होता, पण तो मोजून घेतलेला होता. त्या मोबदल्यात तळ स्कॉटपेक्षा जवळजवळ एक अंश दक्षिणेला मिळाला.

भेगशास्त्र

मूळ प्रश्न कुठली हिमनदी याचा नाही, हिमनदीवर कुठून चालायचं याचा आहे. बर्फ मधोमध वेगाने सरकतो, कडेला खडकाला घासून मंदावतो. या फरकामुळे काठालगत तिरप्या भेगा पडतात. तळाचा खडक जिथे उंचावून पुढे खाली कोसळतो तिथे बर्फ ताणला जातो आणि आडव्या भेगा पडतात. बाजूची हिमनदी येऊन मिळते तिथे दोन्ही प्रकार एकत्र. बीअर्डमोरला मिल, केल्टी अशा उपनद्या मिळतात, म्हणून संगमाच्या खालचा भाग सर्वांत वाईट. नियम साधा: मधोमध राहा, संगम दुरून वळसा घालून टाळा.

त्यात पृष्ठभागाची अडचण. पठारावरून घसरत येणारा थंड वारा हिम झाडून नेतो आणि निळा बर्फ उघडा पडतो. निळ्या बर्फावर भेगा दिसतात, पण स्लेज आडवी घसरते आणि क्रॅम्पॉनशिवाय (बुटांना बांधायचे टोकदार खिळे) पाय टिकत नाही. हिमाने झाकलेल्या भागात पाय टिकतो, पण भेगांवर हिमपूल (भेग झाकणारा हिमाचा थर) असतात आणि ते दिसत नाहीत. ७ डिसेंबर १९०८ला शॅकल्टनच्या तुकडीचं शेवटचं तट्टू, सॉक्स, असाच पूल फुटून गेलं. स्लेज आणि तट्टू जोडणारा लाकडी दांडा त्या झटक्याने मोडला, म्हणून तट्टू नेणारा फ्रँक वाइल्ड आणि स्लेज वर राहिले. दांडा मजबूत असता तर दोन्ही गेले असते. तट्टाचं सगळं वजन चार छोट्या खुरांवर येतं, पूल ते पेलत नाही. कुत्रा हलका, शिवाय दोराला एकामागे एक जोडलेले असतील तर एक पडला तरी बाकीचे धरतात. तेव्हा ‘बीअर्डमोर जनावरांना अशक्य’ हा निष्कर्ष तट्टांपुरता खरा. स्कॉटने तो कुत्र्यांनाही लावला. चूक तिथे झाली.

हिमरेषा

हे मान्य. पण मग स्कॉटच्या परतीतल्या ११ ते १३ फेब्रुवारीचं काय? उतरताना उजेड वाईट, वाट चुकली, दाबाने उसळलेल्या बर्फाच्या चक्रव्यूहात अडकले, शिधा एका जेवणापुरता उरला आणि १३ला धुक्यात कसाबसा मधला डेपो (जाताना ठेवलेला शिध्याचा साठा) सापडला. आमुंडसेनने शेल्फवर ८० अंश दक्षिण अक्षांशावरच्या डेपोला दोन्ही बाजूंना दहा-दहा झेंडे रोवले होते, सुमारे ९०० मीटरच्या अंतराने. आठ-नऊ किलोमीटर चुकलं तरी एखादा झेंडा दिसणार. बीअर्डमोरवर तशी आडवी रांग लावायची कुठे? भेगांत? तिथे शिखरांवरून दिशा घ्यावी लागते, आणि शिखरं ढगात गेली की डेपो गेला. हा दोष हिमनदीचा आहे.

गोंडवन

एक गोष्ट सुटते आहे. ८ फेब्रुवारीला बीअर्डमोरलगतच्या माउंट बकलीच्या पायथ्याशी स्कॉटच्या तुकडीने खडक गोळा केले. सुमारे १६ किलोचे ते नमुने शेवटपर्यंत स्लेजवर होते. त्यात ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. हीच वनस्पती आपल्याकडे चंद्रपूर-वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांत सापडते. दक्षिणेकडचे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. बीअर्डमोरच्या भिंतींत वाळूखडकाचे आणि कोळशाचे थर उघडे पडले आहेत. पुढे १९६९ मध्ये याच भागात कोलसॅक ब्लफला लिस्ट्रोसॉरस या लुप्त प्राण्याची हाडं मिळाली, तो प्राणी दामोदर खोऱ्यातही सापडतो. ‘दगडांनी मारलं’ असं म्हणणाऱ्यांनी स्लेजचं एकूण वजन आणि तापमान बघावं. धावपट्ट्यांखाली घर्षणाने पाण्याचा पातळ थर सुटतो म्हणून स्लेज सरकते. उणे तीसच्या खाली तो थर नीट सुटत नाही आणि हिम वाळूसारखं धरून ठेवतं. शेल्फवर त्यांना नडलं ते हे, १६ किलो नव्हेत.

नकाशावाला

गोंडवन यांच्याशी सहमत, पण अर्धा दिवस गेला तो वजनात धरा. तो दिवस परत मिळाला नाही.

वाटेबद्दल शेवटचं. अमेरिकनांनी रॉस बेटावरच्या आपल्या मॅकमर्डो तळाहून ध्रुवापर्यंत ट्रॅक्टरने इंधन न्यायची वाट आखली, सुमारे १६०० किमी. त्यांनी या दोन्ही हिमनद्या घेतल्या नाहीत, आणखी पूर्वेची लेव्हरेट घेतली, कारण चढ सौम्य आणि भेगा कमी. आणि मॅकमर्डोजवळ शेल्फच्या सांध्यावर ज्या भेगा टाळता येत नव्हत्या, त्या रडारने शोधल्या, सुरुंगाने उघडल्या आणि बुलडोझरने हिम ढकलून भरल्या. १९११ मध्ये रडार नव्हतं, म्हणून माहीत असलेली हिमनदी घेणं शहाणपणाचंच होतं.

भेगशास्त्र

लेव्हरेटचं उदाहरण ट्रॅक्टरला लागू पडतं, माणसांना नाही. २०१३-१४ मध्ये बेन सॉन्डर्स आणि टार्का लेर्पिनिएर स्कॉटचीच वाट बीअर्डमोरने जाऊन-येऊन चालले, १०५ दिवसांत सुमारे २,९०० किमी, स्लेज स्वतः ओढत. जीपीएस हाताशी होता, तरी परतीला पठारावर शिधा कमी पडला आणि विमानाने मागवावा लागला. हिमनदी दोन्ही वेळा पार झाली. कमी पडलं ते अन्न. स्कॉटच्या डेपोंत माणशी रोजचा शिधा किती होता आणि ओढणाऱ्याला किती लागतो, यावर कोणी आकड्यांनिशी लिहिणार का? हिमरेषा, तुम्हीच सुरुवात करा, कारण ‘वाट चुकीची’ हे विधान त्याशिवाय टिकत नाही.