मिनिटाला 1 मिली लघवी, मग क्लिअरन्स 50 मिली कसा?

भुंगा_डोक्यात:
बाबा 68 वर्षांचे, बीपी जुनं. डॉक्टरांनी 24 तासांची लघवी गोळा करायला सांगितली होती. रिपोर्ट आला: लघवी 1440 मिली, त्यातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा) 70 मिग्रॅ प्रति 100 मिली, रक्तातलं 1.4, क्लिअरन्स 50 मिली/मिनिट. 1440 मिली म्हणजे मिनिटाला 1 मिलीच झाली ना? मग हे 50 मिली जातात कुठे? बाबांचं आपलं एकच, "लघवी भरपूर होतेय, किडन्या ठणठणीत आहेत." गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय.

जुना_लॅबवाला:
31 वर्षं असले कॅन मोजलेत, म्हणून लिहितो. 50 मिली कुठेच जात नाहीत. तो प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाचा हिशेब आहे, लघवीचा नाही.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. 1 मिली लघवीत क्रिएटिनिन 0.7 मिग्रॅ. बाबांच्या 100 मिली प्लाझ्मात ते 1.4, म्हणजे 0.7 मिग्रॅ सापडणार 50 मिलीत. मिनिटाभरात जेवढं बाहेर पडलं, ते 50 मिली प्लाझ्मा पूर्ण धुतल्याइतकं. यालाच क्लिअरन्स म्हणतात. संपलं गणित.

किडनीची पद्धत दिवाळीत माळा आवरण्याची. आधी सगळं खाली काढायचं, मग हवं ते परत वर. तरुण, धडधाकट माणसात मिनिटाला साधारण 125 मिली गाळलं जातं, दिवसाला 180 लिटर. अंगात प्लाझ्मा जेमतेम 3 लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळणीतून जातो! पाणी 99 टक्के परत. साखर, मधुमेह नसेल तर, सगळी परत. म्हणून तिचा क्लिअरन्स शून्य. युरिया निम्माशिम्मा परत. क्रिएटिनिनला मात्र कोणी परत घेत नाही. उलट नलिकेच्या (गाळलेलं पाणी पुढे नेणाऱ्या बारीक नळीच्या) भिंतीतून थोडं जास्तीचं टाकलं जातं, त्यामुळे हा आकडा खऱ्या गाळणीपेक्षा किंचित फुगलेलाच असतो.

तेव्हा बाबांना सांगा, लघवी किती झाली याला महत्त्व नाही, तिच्यातून काय गेलं ते बघायचं. जुना रिपोर्ट आहे का?

गोळीबार_मेडिकल:
गुडघ्यांसाठी पेनकिलर घेतात का ते विचारा. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी मोकळी ठेवायचं काम शरीर करत असतं, त्या गोळ्या नेमकं तेच अडवतात. दाब कमी झाला की गाळणं कमी.

भिंतीतून टाकण्यावरून आठवलं: पेनिसिलिन तसंच झपाट्याने बाहेर जातं. 1941 साली ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच टोचलं होतं, इतका तुटवडा.

भुंगा_डोक्यात:
2011 चा रिपोर्ट सापडला, रक्तातलं क्रिएटिनिन 0.8. पेनकिलर घेतात, लपवून. आणि आता कळतंय की त्या दिवशी देवळात गेले होते, तिथे एकदा जाऊन आले. कॅन घरी!

जुना_लॅबवाला:
अहो, मग 1440 हा आकडाच खोटा. हिशेबातून एक खेप गळली, म्हणजे क्लिअरन्स 50 पेक्षा जास्त निघायला हवा होता. पण 0.8 चं 1.4 झालंय, त्यामुळे निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना हे सगळं सांगा, देवळासकट. पुन्हा करायला सांगितली तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची कॅनमध्ये घ्यायची.

भुंगा_डोक्यात:
बाबा म्हणतात, कॅन घेऊन देवळात जाणार नाही. रविवारी घरीच बसवते.