काडतुसाच्या वापरलेल्या पितळी पुंगळीच्या बुडाजवळचे चकचकीत कडे: निरुपद्रवी खूण की तुटण्याची सुरुवात? (मदत हवी आहे)

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात राहतो. लष्करात बरीच वर्षे आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून काम केल्यामुळे ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल मी आजही डोळे मिटून खोलून जोडू शकेन. परंतु जो प्रश्न आता समोर आला आहे तो माझ्या नोकरीत कधी आलाच नाही, कारण गोळीबार संपला की रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करावयाच्या असत. त्या पुन्हा भरण्याचा विषयच निघत नसे.

माझा भाचा न्यूझीलंडमध्ये एका डेअरी फार्मवर नोकरीला आहे. तेथे बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाला स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरता येतात आणि तो हरणाच्या शिकारीसाठी .३०८ विंचेस्टरची काडतुसे घरी भरतो. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. कृपया येथे कोणीही असा प्रयोग करू नये.) त्याच्याजवळ एकाच खोक्यातील ५० पुंगळ्या आहेत आणि त्या चार वेळा उडवून झाल्या आहेत. पाचव्यांदा भरण्यापूर्वी त्याने मला छायाचित्रे पाठवली आणि विचारले, "मामा, हे कडे कसले?"

दोन पुंगळ्यांच्या बुडापासून पाच-सहा मिलिमीटर वर सभोवार एक उजळ कडे दिसते. डायमधून (फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) पुंगळी दाबून काढताना डाय जेथपर्यंत पोहोचते तेथेही असेच कडे उमटते आणि ते निरुपद्रवी असते, असे तो म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण दुसरी शक्यता माझ्या मनातून जात नाही. काडतूस उडते तेव्हा पुंगळीचा पुढचा पातळ भाग फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या पोकळीच्या) भिंतीला घट्ट धरून बसतो आणि जाड बूड मात्र दाबाने मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) जाऊन आदळते. पुंगळीचा खांदा (गोळी धरणाऱ्या अरुंद मानेकडे निमुळता होणारा भाग) आणि चेंबर यांच्यात जितकी मोकळी जागा अधिक, तितके पितळ बुडाच्या जरा वर ताणले जाते. असे दर वेळी झाले की त्या जागी आतून खाच पडते आणि एके दिवशी बूड वेगळे होऊन तप्त वायू बोल्टच्या बाजूने चेहऱ्याकडे येऊ शकतो.

म्हणून मी त्याला सायकलच्या तारेचे टोक घासून अणकुचीदार करावयास आणि काटकोनात वाकवावयास सांगितले. फोन पुंगळीच्या तोंडाशी धरून त्याने तार आतल्या भिंतीवरून बुडाकडे नेली, तेव्हा एकसारखी खरखर येत होती आणि कड्याच्या जागी आल्यावर "टक्" असा, ठेच लागावी तसा आवाज झाला. दुसऱ्या पुंगळीत तो आवाज पुसट होता. कडे नसलेल्या चार पुंगळ्या तपासल्या, त्यांत काही लागले नाही.

माझा पहिला प्रश्न असा की, दोनच पुंगळ्या बाद कराव्यात की सर्व ५०? त्याला पितळ टाकवत नाही. मला वाटते की एका पुंगळीची किंमत डोळ्याच्या किमतीपुढे काहीच नाही, पण अनुभवाशिवाय हुकूम सोडणे मला बरे वाटत नाही.

दुसरी बाब वेगळी आहे. त्याचे न वापरलेल्या पुंगळ्यांचे एक खोके वासरांच्या शेडमध्ये वर्षभर पडून होते आणि त्यांपैकी तिघींच्या माना न उडवताच उभ्या चिरल्या आहेत. हे कारण मात्र मी ओळखले. ब्रिटिश काळात आपल्याकडेच पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे अशीच तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया, हवेतील दमटपणा आणि पितळात उरलेला ताण ही तिन्ही एकत्र आल्याने असे होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. आमच्या गोठ्यात एका पावसाळ्यात विसरलेला पितळी तांब्या काठाला हिरवा-निळा झालेला मी पाहिला आहे. त्या खोक्यातील उरलेल्या, वरून धड दिसणाऱ्या पुंगळ्यांवर विश्वास ठेवावा काय?

प्रतिसाद

नमस्कार. मी निपाणीचा असून काही वर्षे अमेरिकेत होतो आणि तेथे स्वतः काडतुसे भरत असे.

सर्व ५० बाद कराव्यात. त्या एकाच रायफलीत, एकाच डायमधून, सारख्याच वेळा गेल्या आहेत. म्हणजे दोघींना जे झाले ते बाकीच्यांत सुरू झालेले आहे, फक्त तारेला अजून लागत नाही. खात्री हवी असल्यास कडे नसलेली एक पुंगळी करवतीने उभी कापून पाहावी, भिंत कोठे बारीक झाली आहे ते डोळ्यांना दिसते.

मूळ दोष बहुधा डायच्या बसवणीत आहे. ती फार खाली बसवली की दर वेळी खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. बोल्ट-ॲक्शन (दर वेळी हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागणाऱ्या) रायफलीसाठी उडवलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर इतकेच मागे नेणे पुरते. त्यासाठी खांद्याचे माप घेणारा गेज लागतो, अंदाजाने हे जमत नाही. लांबीही पाहावी: .३०८ ची कमाल मर्यादा ५१.१८ मिलिमीटर आहे आणि कापून ती ५०.९३ वर आणतात. बुडातील खळगा सैल होऊन प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बोटाने आत जात असेल, तर ती पुंगळी संपली आणि दाबही अधिक आहे असे समजावे.

मानेवर निळसर-तपकिरी झाक असेल तर भिऊ नये, ती कारखान्यात मान तापवून मऊ केल्याची खूण असते. बूड मात्र कधीही तापवू नये. ते मऊ झाले की दाब झेलू शकत नाही.

शेडमधील खोके पूर्ण टाकावे. तेथील बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. पितळ उजळवण्यासाठी अमोनिया असलेली पॉलिशही वापरू नये.

धागाकर्त्याकडून

मनःपूर्वक आभार. भाच्याने गेज आणून मोजले, खांदा ०.२ मिलिमीटर मागे जात होता. कापलेल्या तिसऱ्या पुंगळीतही खाच निघाली. सगळ्या पुंगळ्यांची तोंडे त्याने पकडीने माझ्यासमोर, फोनवर, चेपली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. नवीन खोके तो घरातील कोरड्या कपाटात ठेवणार आहे.