विषय: लष्करी बँडच्या कार्यक्रमाला ग्रुपने जायचं का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात इथल्या मोठ्या चर्चमध्ये बुंडेसवेअरच्या, म्हणजे जर्मन सैन्याच्या, बँडचा कार्यक्रम आहे, जमलेले पैसे आजारी मुलांच्या संस्थेला जाणार. एकत्र बुकिंग केलं तर पुढच्या रांगा मिळतील. पण दोन तास नुसतं लेफ्ट-राइट असेल तर आमच्या घरचे मध्यंतरातच कल्टी मारतील. काका, तुम्ही हे ऐकत असता ना, सांगा काहीतरी.

– सचिव

---

अगं बिनधास्त तिकिटं काढ. चर्चमधल्या कार्यक्रमात मार्च असतात दोन-तीन, बाकी ऑपेरा, सिनेमाचं संगीत, कधी बाखसुद्धा. हे सगळे पगारी, शिकलेले वादक. बर्लिनचा स्टाफ बँड सरकारी पाहुण्यांसाठी असतो, मे 2022 मध्ये मोदी चॅन्सलरीत, म्हणजे जर्मन चॅन्सलरच्या कार्यालयात, आले तेव्हा मानवंदनेला तोच होता. झीगबुर्गवाले मोठे कॉन्सर्ट करतात, आणि ऑइसकिर्शेनला तर चक्क बिग बँड आहे, जॅझ आणि पॉप वाजवणारा, 1971 साली हेल्मुट श्मिट संरक्षणमंत्री असताना त्यांच्याच पुढाकाराने निघालेला.

पण खरी गंमत बघायची तर त्सापफेनश्ट्राइश बघा, म्हणजे मोठ्या लोकांना निरोप देताना सैन्य रात्री मशाली घेऊन करतं तो सोहळा, यूट्यूबवर आहे. मूळ काम काय, तर संध्याकाळी गुत्त्यात बसलेल्या शिपायांना उठवून छावणीत पाठवणं. पिंपाची तोटी बंद, आता कोणी ओतायची नाही, त्याचा इशारा ढोल आणि पिपाणीवर. 1813 मध्ये नेपोलियनशी लढाई चालू असताना प्रशियाच्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) राजाने रशियन सैनिकांना रात्री प्रार्थना म्हणताना पाहिलं आणि आपल्याकडेही ती सुरू केली. मग 12 मे 1838 ला बर्लिनमध्ये झार निकोलससमोर विल्हेल्म व्हीप्रेख्टने हजारावर वादक आणि दोनशे ढोलवाले उभे करून हा सगळा कार्यक्रम एका दोरीत ओवला. हा व्हीप्रेख्ट स्वतः सैनिक नव्हताच, साधा सिव्हिलियन, पण प्रशियाचे बँड त्याने मुळापासून बदलले, आणि 1835 मध्ये मोरित्झ नावाच्या वाद्य बनवणाऱ्याबरोबर बास ट्यूबाचं पेटंटही काढलं. आज ट्यूबा नसलेला बँड दाखवा!

आणि बँडच्या पुढे तो घुंगरांचा, चांद-ताऱ्याचा, घोड्याच्या शेपट्या लावलेला उंच दांडा दिसेल ना, तो तुर्कांकडून आलाय. मोठा ढोल, झांजा, ट्रँगल, सगळं ऑटोमन सैन्याच्या बँडकडून उचललेलं. व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत आलेल्या शत्रूची वाद्यं घेतली आणि आता त्यालाच प्रशियाची शान म्हणतात. दांडा धरणाऱ्याचा रुबाब मात्र आपल्या पथकातल्या ध्वजवाल्यासारखा, वाजवत काही नाही पण फोटो सगळे त्याचेच.

– काका

---

काका, माहिती झकास आहे पण मला हा प्रकार बघवत नाही. रात्रीची वेळ, मशाली, हेल्मेट, बूट, आणि मागे संसदेची इमारत. ऑक्टोबर 2021 मध्ये अफगाणिस्तानातून परतलेल्यांसाठी राइशटागसमोर केलं तेव्हा अर्ध्या ट्विटरला हिटलर सत्तेवर आला ते 1933 आठवलं, ते उगाच नाही. देशाने निरोप द्यायला दुसरं काही सुचत नाही का?

– कोलोनहून

---

तुझं म्हणणं उडवून लावत नाही. मशाली बघून पोटात गोळा येतोच, आणि जर्मन लोकच यावर सगळ्यात जास्त भांडतात. पण मशालींचा हा सोहळा हिटलरच्या कितीतरी आधीचा. जे खरंच त्याला चिकटलेलं होतं ते यांनी बाजूला ठेवलंय, तो बाडनवायलर मार्च त्याचा लाडका, 1939 मध्ये तर तो हजर असेल तेव्हाच वाजवायचा असा पोलिसी हुकूम निघाला होता, बुंडेसवेअर तो वाजवत नाही.

शिवाय मधे सेरेनेड असतं, म्हणजे निरोप घेणारा आपल्या आवडीची गाणी सांगतो आणि बँडला ती वाजवावीच लागतात. संरक्षणमंत्री गुटेनबर्गने 2011 मध्ये डीप पर्पलचं रॉक मागितलं. मर्केलबाईंनी 2 डिसेंबर 2021 ला नीना हागेनचं पूर्व जर्मनीतलं 1974 चं गाणं मागितलं, मिखाएल कलर फिल्म आणायला विसरला म्हणून सुट्टीचे फोटो काळेपांढरे आले अशी त्याच्यावर चिडलेली पोरगी. हेल्मेट घातलेले बाप्ये अत्यंत गंभीर चेहऱ्याने ते वाजवतायत आणि समोर खुर्चीत बसलेल्या बाईंचे डोळे पाणावलेत. राष्ट्राध्यक्ष वुल्फच्या निरोपाच्या वेळी 2012 मध्ये बेलव्ह्यू राजवाड्याबाहेर लोक निषेधाचे भोंगे वाजवत होते ते आतपर्यंत ऐकू येत होतं, बँड वाजवत राहिला. सेरेनेड संपलं की मग मूळ त्सापफेनश्ट्राइश, हेल्मेट काढून प्रार्थना, शेवटी राष्ट्रगीत. प्रार्थनेची चाल बोर्तन्यान्स्कीची, रशियन दरबारातला संगीतकार, जन्म आजच्या युक्रेनमधला. यात कुठे शुद्ध जर्मन काय शोधायचं ते तूच सांग.

आणखी एक नाव सांगतो, गुस्टाफ साबाक एल शेर. बाप आफ्रिकेतून आलेला, 1843 मध्ये इजिप्तमध्ये प्रशियाच्या राजपुत्राला भेट म्हणून दिलेला पोरगा (हो, माणूस भेट). त्याचा मुलगा हा गुस्टाफ, 1895 पासून क्योनिग्सबर्गच्या ग्रेनेडियर रेजिमेंटचा बँडमास्तर. कैसरच्या काळात! याच्यावर कोणी सिरीज का काढत नाही कळत नाही.

– काका

---

काका, वेगळाच प्रश्न. माझी मुलगी क्लॅरिनेट वाजवते, अकरावीला आहे, हे मेल वाचून म्हणाली मला तिथेच जायचंय. मुलींना घेतात का? आणि युद्धबिद्ध झालं तर?

– हानोव्हरची आई

---

घेतात की. 2001 च्या आधी बाकी सैन्य मुलींना बंद होतं तेव्हासुद्धा वैद्यकीय विभाग आणि लष्करी संगीत ही दोनच दारं उघडी होती. आधी वाजवून दाखवायची परीक्षा, मग इतरांसारखं बेसिक ट्रेनिंग, मग हिल्डेनचा ट्रेनिंग बँड आणि त्याबरोबर ड्युसेलडॉर्फच्या रॉबर्ट शुमान संगीत विद्यापीठात पदवी, तीही पगार घेऊन. मात्र करार बऱ्याच वर्षांचा असतो. आणि हो, वादक आधी सैनिक, गरज पडली तर वैद्यकीय पथकाच्या मदतीला लावतात, कोरोनात यातले कितीतरी जण आरोग्य खात्यात फोनवर बसले होते.

पण त्याआधी सांगा, तिचा पासपोर्ट कुठला? सैनिक व्हायला जर्मन नागरिकत्व लागतं.

– काका

---

अजून भारतीयच आहे. जर्मनी आता दोन नागरिकत्वं चालवतं पण आपल्याकडे चालत नाही. तिच्या आजोबांना हे फोनवर कसं सांगायचं ते बघते.

– हानोव्हरची आई