एका कपाटात ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या कपाटातही दिसतंय (पायथॉन क्लास)

नवाकोडर:
पुस्तक आणि कपाट असे दोन क्लास (ऑब्जेक्ट बनवायचे साचे) केलेत. पुस्तकाचे ऑब्जेक्ट कपाटाच्या लिस्टमध्ये भरायचे आहेत. कीवर्ड आणि आकडे इथे देवनागरीत लिहिलेत, फाइलमध्ये रोमनमध्येच आहेत.

क्लास कपाट:
    पुस्तके = []
    संख्या = ०
    डेफ भर(सेल्फ, पु):
        सेल्फ.पुस्तके.अपेंड(पु)
        सेल्फ.संख्या += १

क१ = कपाट()
क२ = कपाट()
क१.भर(पुस्तक("भूगोल"))

आता क२.पुस्तके बघितलं तर त्यातही भूगोल! पण क२.संख्या मात्र ०, म्हणजे बरोबर. दोन्ही ओळी एकाच जागी लिहिल्यात, मग लिस्टचंच असं का?

रिकामाकंस:
वार्स(क१) प्रिंट करून बघा, ऑब्जेक्टकडे स्वतःचं काय आहे ते कळतं. त्यात फक्त संख्या दिसेल, पुस्तके नाही. लिस्ट क१ कडे नाहीच, ती कपाट या क्लासकडे आहे. सेल्फ म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर मेथड चालवली तो. सेल्फ.पुस्तके म्हटलं की पायथॉन आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये. दोन्ही ऑब्जेक्ट तिथेच पोचतात आणि अपेंड त्याच एका लिस्टमध्ये होतं.

संख्येचं वेगळं आहे. += मध्ये शेवटी असाइनमेंट होते. क्लासमधला ० वाचला, १ मिळवला आणि उत्तर क१ वर नव्याने ठेवलं. क्लासमधला ० तसाच राहिला. म्हणजे ती ओळ योगायोगाने बरोबर चालतेय. लिस्टबरोबर तीही इनिटमध्ये हलवा, ही मेथड ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालते:

    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.पुस्तके = []
        सेल्फ.संख्या = ०

इनिटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. एकेकच दिलं तर ती साधी मेथड होते, आपोआप चालत नाही, आणि पुढे भर चालवताना ॲट्रिब्यूट एरर येते.

खरं तर संख्या हवीच कशाला? लिस्ट मोजायला लेन(सेल्फ.पुस्तके) पुरे. तीच माहिती दोन जागी ठेवली की कधीतरी एक बदलायची राहते.

सापशिडी:
आणखी एक गोष्ट. कोणी सुचवेल की अपेंडऐवजी सेल्फ.पुस्तके += [पु] लिहा. त्याने काम भागत नाही. लिस्टवर += जागच्या जागी बदल करतं आणि वर असाइनही करतं. वार्समध्ये लिस्ट दिसायला लागते, पण असते तीच सामाईक. शंका आली तर क१.पुस्तके इज क२.पुस्तके तपासा, ट्रू आलं तर लिस्ट एकच.

नवाकोडर:
इनिटमध्ये हलवलं, क१ नीट चालतं. पण क२.भर(भूगोल) वर टाइप एरर: मिसिंग वन रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट 'पु'. पुस्तक तर दिलंय!

रिकामाकंस:
बदल करताना क२ = कपाट झालंय का बघा, कंस गळले असतील. कंसाशिवाय ऑब्जेक्ट बनत नाही, क२ हे क्लासचंच दुसरं नाव होतं. मग भूगोल जातं सेल्फच्या जागी आणि पु रिकामा राहतो. म्हणून एररमध्ये सेल्फचं नाव नाही, पुचं आहे.

नवाकोडर:
कंसच नव्हते. आता चालतंय. कपाट बनवतानाच पुस्तकं द्यायची असतील तर इनिटमध्ये पुस्तके=[] असा डिफॉल्ट चालेल?

सापशिडी:
नको, पुन्हा तोच घोळ होईल. डिफॉल्ट किंमत डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, दर कपाटाला नवी नाही. पुस्तके=नन (म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि आत:

        सेल्फ.पुस्तके = [] इफ पुस्तके इज नन एल्स लिस्ट(पुस्तके)

लिस्ट() मुद्दाम आहे. त्याने लिस्टची प्रत होते, नाहीतर बाहेरची लिस्ट बदलली की कपाटही बदलेल. आतले पुस्तक-ऑब्जेक्ट मात्र तेच राहतात, त्यांची प्रत होत नाही.