बेघर कुटुंबांसाठी मंडळीचा (चर्चचा) हॉल उघडायचा आहे, सुरुवात कशी करावी?

तरुणसंघ_भुसावळ:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. स्टेशनच्या आसपास उघड्यावर झोपणारी कुटुंबं आहेत, बरीचशी सातपुड्याकडून मजुरीला आलेली. रविवारी उपासनेनंतर आम्ही जेवण वाटतो, पण सोमवारी ती पुन्हा तिथंच. चर्चमागचा हॉल ८०० चौरस फूट आहे, दोन संडास, एक नळ. थंडीत रात्रीपुरता उघडायचा कमिटीचा विचार आहे. किती जणांना घ्यावं? कागदपत्रांना कुठून हात घालावा?

जुना_सेवक_जळगाव:
सोळा माणसं, म्हणजे तीन-चार कुटुंबं. त्याहून जास्त नको. शहरी निवाऱ्याच्या सरकारी निकषात माणशी ५० चौरस फूट धरलेत, आणि ते बरोबर आहे. दाटी झाली की एकाचा खोकला आठवड्यात सगळ्या लेकरांना लागतो आणि सामानावरून भांडणं होतात. दोरी बांधून जुन्या चादरींचे आडोसे करा. बायकांना अंधारात अंगण ओलांडावं लागू नये म्हणून संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा. शेगडी हॉलमध्ये पेटवू देऊ नका. दारं बंद करून कोळसा जाळला तर न दिसणाऱ्या विषारी वायूनं माणसं झोपेतच दगावतात.

आधी ट्रस्टींचा लेखी ठराव करा, पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत पत्र देऊन पोच घ्या. आणि कृपा करून नवरा-बायकोला वेगळं झोपवू नका. कुटुंब तुटणार असेल तर लोक फुटपाथच पत्करतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

धुळ्याची_ताई:
भावांनो, ब्लँकेटाआधी आधार कार्ड. पत्ता नसला तरी ते निघतं. त्यासाठी आधारचा ठरलेला नमुना असतो. त्यावर फोटो चिकटवून नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची. सही-शिक्का फोटोवर अर्धा आलाच पाहिजे, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. सहीनंतर तीन महिन्यांत वापरायचा. मंडळीच्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही, इथंच बहुतेकांचे हेलपाटे होतात. विटा-माती वाहून बोटांचे ठसे झिजलेले असतात. बुबुळांवरून ओळख घ्यायला सांगा.

गावाकडे रेशनकार्ड असेल तर नवीन काढू नका. आधार जोडलेलं असेल तर त्याच कार्डावर भुसावळच्या दुकानात धान्य मिळतं: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. दुकानदार ‘तुमच्या गावी जा’ म्हणाला तर पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा.

मुलांना मात्र लगेच शाळेत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुसार वर्ग द्यावा लागतो. दुपारचं जेवणही तिथंच होतं. पावरी किंवा भिलोरी बोलणारी एखादी बाई सोबत न्या, मराठीतल्या प्रश्नांना बायका नुसत्या मान हलवतात आणि फॉर्मवर भलतंच लिहिलं जातं.

महिलासंघ_अमळनेर:
स्वयंपाकाचं सांगते. सोळा जणांच्या खिचडीला सव्वा किलो तांदूळ, अर्धा किलो मुगडाळ, साधारण सहा लिटर पाणी. लहानांची आधी काढा, मग तिखट फोडणी. रात्रीची खिचडी पातेल्यात झाकून सकाळी देऊ नका, उन्हाळ्यात तर तीन-चार तासांतच आंबते. महिनाभरानं हॉलमध्ये राहणाऱ्या बायकांनाच भाकरी थापायला बोलवा, पण मजुरी देऊन.

तरुणसंघ_भुसावळ:
फार उपयोगी. एक विचारायचं राहिलं: रात्री प्रार्थना घ्यावी का?

जुना_सेवक_जळगाव:
तुमची प्रार्थना तुम्ही चर्चमध्ये करा, दार उघडं असू द्या. ताट आणि पुस्तिका एका हातानं कधीच देऊ नका. जेवणासाठी प्रार्थनेला बसावं लागतंय असं एकालाही वाटलं तर ती सेवा राहत नाही. बायबलातल्या मत्तय २५ मध्ये भुकेल्याला खायला द्यायचं सांगितलंय, त्याला अट घातलेली नाही. हॉल मार्चमध्ये बंद होणार असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा, आणि जानेवारीपासूनच भाड्याच्या खोल्या बघायला लागा. अनामत रक्कम मंडळीनं थेट घरमालकाला द्यावी, भाडे करार मात्र कुटुंबाच्याच नावावर करावा.