जुनी पानं उडवायची की ठेवायची? रास्पबेरी पायच्या मार्गदर्शिकेची आवराआवर

तारजोड (धागाकर्ता)

आमच्या हौशी गटाची रास्पबेरी पाय या एका बोर्डवरच्या छोट्या संगणकावर एक मार्गदर्शिका आहे. पहिला बोर्ड २०१२ साली बाजारात आला तेव्हा ती सुरू झाली, आणि नंतर जो येईल त्याने आपलं पान खाली चिकटवलं. आता ती आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नमुन्यादाखल कॅमेऱ्याचं प्रकरण घ्या. फोटो काढायची कमांड म्हणून एका पानावर रास्पिस्टिल, दुसऱ्यावर लिबकॅमेरा-स्टिल, तिसऱ्यावर आरपीआयकॅम-स्टिल, आणि तिन्ही पानांचं नाव 'फोटो कसा काढावा'. पहिली कमांड पायच्या ओएसच्या २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीपासून बाद होत गेली, तिसरी पुढच्या बुकवर्म आवृत्तीपासूनची. वाचणाऱ्याने ओळखायचं कशावरून?

प्रस्ताव सरळ आहे. आजच्या ओएसवर जे चालत नाही ते पान उडवायचं. 'जुनं' असा शिक्का मारून तळाशी ढकलणं नाही, पुरवणी नाही. गटात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे मतं मागतोय.

रोधक

असहमत, आणि चांगलाच.

पहिल्या मॉडेल बी बोर्डच्या हेडरला, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पट्टीला, २६ पिना होत्या. ४० पिना २०१४ च्या बी प्लसपासून आल्या. त्यातही अगदी पहिल्या रिव्हिजनमध्ये ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर आय-टू-सी ची (सेन्सर वगैरेंशी दोन तारांवर बोलायची पद्धत) ० क्रमांकाची बस, म्हणजे तारांची जोडी, होती, पुढच्या रिव्हिजनला त्याच पिनांवर १ क्रमांकाची आली. ज्याच्या हातात तो पहिला बोर्ड आहे त्याने तुमच्या नव्या पानाप्रमाणे १ नंबरची बस तपासली तर काय होईल? सेन्सर बरोबर जोडलेला, लागणारे पुल-अप रेझिस्टर बोर्डवरच, आणि बसच्या स्कॅनमध्ये नुसत्या रेघा, म्हणजे काहीच सापडलं नाही. दिवसभर तो वायरींवर संशय घेत बसेल.

आणि असे बोर्ड भंगारात गेलेत असं समजू नका. बुकवर्मची ३२ बिट आवृत्ती पहिल्या पिढीच्या बोर्डवरही चालते. ज्या बोर्डला ओएस अजून मिळतं त्याचं पान आपण का पुसायचं?

अर्धविराम

रोधक, तुमचं उदाहरण हार्डवेअरचं आहे. धागाकर्त्याची तक्रार बव्हंशी सॉफ्टवेअरच्या पायऱ्यांची आहे. आणि तिथे मी त्यांच्यापेक्षाही कडक आहे.

मुख्यपृष्ठ उघडून, अनुक्रमणिका बघून कोणी येत नाही. माणूस शोध घेतो आणि थेट पानाच्या मध्यावर उतरतो. वर लाल चौकटीत काय लिहिलंय ते त्याला दिसतही नाही. त्यामुळे 'इशारा लावून ठेवू' ही पळवाट आहे.

शिवाय सगळ्या जुन्या सूचना सारख्याच त्रासदायक नसतात. रास्पिस्टिल टाइप केलं की 'अशी कमांड नाही' असं तोंडावर उत्तर येतं. माणूस चिडतो, पुढे शोधतो. पण स्क्रीनशिवाय वायफाय सुरू करायची जुनी युक्ती बघा: कार्डच्या बूट विभागात वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहिलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल टाकून द्यायची. बुकवर्मने वायफाय सांभाळायला नेटवर्क मॅनेजर हा दुसरा प्रोग्राम आणला आणि ती फाइल उचलणंच बंद झालं. एरर नाही, दिवा नाही, काही नाही. बोर्ड नेटवर्कवर येत नाही एवढंच. त्यात भर म्हणजे 'पाय' नावाचा तयार यूजर एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकला गेला, त्यामुळे वायफाय कसंबसं जोडलं तरी जुन्या पानावरच्या नाव-पासवर्डने लॉगिन होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जुन्या पानावर असतात, म्हणून नवशिका हमखास दोन्हीत अडकतो. अशी गप्प राहून फसवणारी पानं आजच्या आज जायला हवीत. बोंब मारणारी पानं मागाहून गेली तरी चालतील.

तारजोड

@अर्धविराम, गप्प आणि बोंब मारणारी हा भेद माझ्या डोक्यात नव्हता. यादी त्याच क्रमाने लावतो.

@रोधक, बसचा मुद्दा मान्य. पण त्याला अख्खं जुनं पान लागत नाही, पिनांच्या पानावर दोन ओळी पुरतात.

पाचर

तुम्ही दोघं एकाच गठ्ठ्यावरून भांडताय, आणि गठ्ठा मुळात दोन वेगळ्या गोष्टींचा आहे. पिना किती, कनेक्टर कुठला, व्होल्टेज किती हे बोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवशी ठरतं आणि तसंच राहतं. ती पानं बोर्डागणिक लावा आणि कधीच पुसू नका. कमांड, फाइल कुठे असते, कोणती लायब्ररी लागते हे ओएसबरोबर बदलतं. ती ओएसच्या आवृत्तीगणिक लावा आणि खुशाल पुसा. आज हे दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलेलं असतं, म्हणून एक काढताना दुसरं हाताला लागतं.

रोधक

पाचरराव, कागदावर छान दिसतं. रास्पबेरी पाय ५ या बोर्डवर हे टिकत नाही.

४० पिना त्याच, जागा त्याच. पण त्या पिना आता मुख्य प्रोसेसरकडे नाहीत, आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे आहेत. परिणाम असा की वर्षानुवर्षं शिकवली गेलेली आरपीआय-जीपीआयओ ही पिना चालवायची पायथन लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओझीरो या दुसऱ्या लायब्ररीमधून गेलात तर बराचसा जुना कोड तरतो. आता सांगा, ही गोष्ट हार्डवेअरच्या पानावर की सॉफ्टवेअरच्या?

पॉवरचंही तेच. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर, इथवर तुमचं खरं. पण पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बोर्ड चालू होतो, फक्त यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरवर रोखतो. यूएसबीवरची हार्ड डिस्क मग अडखळते. ही मर्यादा कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीने उठवता येते. अडॅप्टर तेवढा दमदार नसताना उठवली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. हा सगळा मजकूर एकत्रच वाचायला मिळायला हवा. तुम्ही त्याचे दोन तुकडे करून दोन कपाटांत ठेवणार.

पाचर

हद्दीवरच्या गोष्टी असतात, नाकारत नाही. त्या मी हार्डवेअरकडे ठेवीन आणि ओएसच्या पानावरून दुवा देईन. हद्द धूसर आहे म्हणून वाटणीच करायची नाही, हे पटत नाही.

धडाक्षर

शिकवण्याच्या बाजूने एक सुचवणी. डायटॅक्सिस ही पद्धत पाहिलीत का? धडे, कामापुरत्या कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण असे चार वेगळे कप्पे. नवशिक्याला संदर्भाच्या तक्त्यात ढकलायचं नाही आणि जाणत्याला धड्यातून फिरवायचं नाही.

अर्धविराम

पाहिली आहे. चांगली पद्धत आहे, पण शिळेपणावर तिच्याकडे उतारा नाही. आज एक कमांड बदलली की एक पान दुरुस्त करायचं. उद्या तीच कमांड धड्यात, कृतीत आणि संदर्भात अशी तीन ठिकाणी असणार. आधी कचरा काढा, मग कप्पे करा.

धडाक्षर

कमांड संदर्भात एकदाच लिहायची आणि बाकीच्यांनी तिथे बोट दाखवायचं, असं करता येईल की. असो.

पाचर

उडवण्याबद्दल एक राहिलं. पान उडवलं तरी बाहेरचे दुवे उडत नाहीत. पानाचा पत्ता बदलू नये, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. पाहुणा जुन्या पत्त्यावर येणारच, आणि त्याला तिथे '४०४' (पान सापडलं नाही) दिसलं तर तो कुठल्या तरी २०१५ च्या व्हिडिओकडे जाईल, जो तुम्हाला दुरुस्तही करता येत नाही.

बुकवर्मने स्वतः काय केलं ते बघा. सेटिंगची कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाइल बूट फोल्डरमधून बूट-फर्मवेअर फोल्डरमध्ये हलवली. जुन्या जागी त्याच नावाची फाइल ठेवली आणि आत लिहिलं की ही बदलू नका, खरी फाइल तिकडे आहे. आपणही तसंच करू. मजकूर पूर्ण काढा, पत्ता ठेवा, त्यावर दोन ओळी: ही पद्धत अमुक ओएसपर्यंत चालत होती, आता इथे जा. जुनी आवृत्ती ज्याला हवीच असेल त्याच्यासाठी गिटचा, म्हणजे प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनाचा, इतिहास आहे.

रोधक

गिटचा इतिहास! पहिल्यांदा एलईडी लावणारा शाळकरी पोरगा गिटचा इतिहास उपसणार?

तारजोड

पाचर यांची दोन ओळींची पाटी मला चालेल. 'उडवणे' याची माझी व्याख्या तेवढी सैल करतो. ओएसच्या पायऱ्या फक्त चालू आवृत्तीच्या, बाकी सगळीकडे पाटी. बोर्डांची पानं राहतील, पण प्रत्येकावर 'शेवटचं कुठल्या बोर्डवर, कुठल्या ओएसवर, कधी तपासलं' ही ओळ सक्तीची. ती नसेल तर पान पाटीत जाईल.

अर्धविराम

आणि तपासणार कोण? बोर्ड डझनाहून जास्त, प्रत्येकावर ३२ आणि ६४ बिटचा घोळ. तुमच्या गटात पहिल्या रिव्हिजनचा बोर्ड कोणाकडे तरी आहे का? नसेल तर ती सक्तीची ओळ लोक अंदाजाने भरतील, आणि खोटी तारीख असलेलं पान बिनतारखेच्या पानापेक्षा वाईट. मी म्हणतो, ज्याचा बोर्ड आपल्याकडे नाही त्याचं पान आपण ठेवूच नये, त्याच्या पाटीवरून थेट अधिकृत डॉक्युमेंटेशनकडे पाठवावं.

रोधक

माझ्याकडे आहे. २६ पिनांचा, पहिल्या रिव्हिजनचा, अजून चालतो. पिना, आय-टू-सी आणि त्याचा पॉवरचा भाग मी तपासून देतो, ओळीवर माझं नाव टाका. पण अर्धविराम, 'बोर्ड नाही तर पान नाही' हे मला मान्य नाही. डेटाशीटमधून जसाच्या तसा उतरवलेला व्होल्टेजचा तक्ता पडताळायला बोर्ड हातात लागत नाही.

अर्धविराम

तक्ता ठेवा. तक्त्याखालच्या 'आता ही कमांड द्या' वर माझा आक्षेप कायम.