सुभेदार अप्पांच्या आठवणी: ज्याला जे आठवतं ते लिहा

सोलापूरच्या बाळीवेशीतले आमचे सुभेदार अप्पा श्रावणात लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. खरं तर नायब सुभेदार. कुणी नुसतं सुभेदार म्हटलं की स्वतःच टोकायचे, "नायब लाव पुढं, पेन्शन तेवढीच येते." घरच्यांनी त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून दे म्हणून मला गळ घातली. बसलो, तर अर्ध्या पानात आटोपलं. १९६३ साली, चीनच्या लढाईनंतर भरती जोरात होती तेव्हा, खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत गेले. १९७१ ला शकरगडच्या बाजूला सुरुंग काढायच्या कामावर होते. १९८७ ला ट्रंक घेऊन घरी आले आणि अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात सिक्युरिटीला लागले. एवढंच. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि लढाईतलं एक वाक्य मला माहीत नाही! म्हणून हा धागा. वाईट अनुभव असला तरी लिहा, गोड बोलणाऱ्यांचा अप्पांना तसाही कंटाळा होता.

सुरुवात मी करतो. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ काय दाटी होते ते सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना नेण्याआणण्याचं काम अप्पांनी अंगावर घेतलेलं. स्वतः बाराबंदी घालून पुढं, मागं आम्ही पोरं दोन्हीकडून पांढरी सुती फीत ताणून धरलेली, आणि मधल्या गल्लीतून बायका. फितीबाहेर कुणाचं पाऊल पडलं की अप्पा एवढ्यानं ओरडायचे की आजूबाजूचे अनोळखी लोकसुद्धा जागेवर थांबायचे. आम्ही हसायचो. सुरुंग काढलेली वाट अशाच पांढऱ्या फितीनं आखतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कुणीतरी सांगितलं. त्यानंतर फीत धरताना हसू आलं नाही.

पूर्व भाग, यंत्रमाग कामगार (आता घरीच)

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून आम्ही नुकतेच आडवे झालो होतो. चारला थोडी कमी असताना फळीवरची भांडी खाली आली. सकाळी किल्लारीच्या भूकंपाचं कळलं. अप्पा आमच्या मालकाच्या ओळखीचे, त्यांनी एक टेम्पो काढला. आम्ही बारा जण फावडी घेऊन चढलो तर अप्पांनी निम्मी फावडी खाली टाकायला लावली. "माणसं काढायला चाललाय का पाया खणायला?" दोर, सब्बल, बांबू आणि टोपल्या घेतल्या. तेव्हा राग आला. तिथं गेल्यावर उमगलं. दगडमातीची घरं, हातहात रुंदीच्या भिंती, वर मातीचं माळवद. फावडं घालायचं कुठं, खाली कोण आहे कुणाला ठाऊक? अप्पांनी एकामागं एक रांग लावली. वरचा दगड आधी, हातानं, टोपलीतून मागं. थोड्या थोड्या वेळानं शिट्टी मारायचे, की सगळ्यांनी थांबायचं, श्वाससुद्धा हळू, आणि ते जमिनीला कान लावायचे. आमच्या रांगेला जिवंत कुणी सापडलं नाही, ते खोटं कशाला सांगू. पण प्रत्येक वेळी शिट्टी झाली आणि प्रत्येक वेळी कान लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते टेम्पोमागं बसलेले दिसले. गळ्यातलं इष्टलिंग पूजेसाठी काढून डाव्या तळहातावर ठेवलेलं. हाताला वास होता, आम्हा सगळ्यांच्याच होता. आंघोळीला पाणी कुठलं. नुसती विभूती लावली, डोळे मिटले, दोन मिनिटांत उठले. मी पद्मशाली, मला त्यांच्या पूजेतलं काही कळत नाही. पण एवढं बघितलं की हात धुतले नाहीत म्हणून त्यांची पूजा अडली नाही.

होम मैदानावर धावणारा

वाईट पण लिहा म्हणालात म्हणून. पहाटे पाचला अप्पा आम्हा आठ-दहा पोरांना पळवायचे. सोळाशे मीटर, हातात जुनं घड्याळ. मी दोनदा फौजेच्या भरतीत नापास झालो, दोन्ही वेळा काही सेकंदांनी. माझे वडील त्यांच्याकडं गेले, ओळखीनं काही होतंय का बघा म्हणून. अप्पांनी चहा पाजला आणि माझ्यासमोरच म्हणाले, "पोरगं सुस्त आहे. दुसरं काम शिकव." चार वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. आता वायरमन आहे, बरं चाललंय. पण तसं बोलायला नको होतं, हे आजही वाटतं.

एक वीरपत्नी, दक्षिण सोलापूर तालुका

माझे मालक गेले तेव्हा फॅमिली पेन्शन अडकली. फौजेच्या कागदावर माझं नाव माहेरचं, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडं वेगळी. बँकेत गेलं की सैनिकांच्या ऑफिसात जा म्हणायचे, तिथून रेकॉर्ड ऑफिसला लिहा. कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती का?" म्हणजे लग्नाची फौजेतली नोंद. मला शब्दच कळेना. त्यांनी मालकांची ट्रंक उघडायला लावली, आम्ही दोघांनी एकेक कागद बाहेर काढला. लग्नपत्रिकेच्या खाली तो कागद सापडला. मग पत्र लिहिलं, कार्बन घालून, तीन प्रती. एक रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टरनं, एक बँकेला, एक मला. "ही पिशवीत ठेव आणि कुणी मागितली तरी देऊ नको, झेरॉक्स दे." अकरा महिने लागले. दर महिन्याला ते स्वतः आठवणीचं पत्र टाकायचे, पोस्टाचे पैसे कधी घेतले नाहीत. पहिली पेन्शन आली तेव्हा मी हुग्गी, गव्हाची खीर, करून नेली. चाटूनपुसून खाल्ली, वर म्हणाले गूळ कमी पडला.

धाकटी सून

बाहेर सगळे कौतुक करतायत, करा. घरात पाणी आलं की काय व्हायचं ते मला विचारा. चार दिवसांआड पाणी, तेही रात्री दोनला. अप्पा शिट्टी मारायचे! हंडे एका रांगेत, बादल्या दुसऱ्या, पिण्याचं वेगळं. मी नवीन लग्न होऊन आलेली, वाटलं कुठं येऊन पडले. आता रात्री पाणी आलं की शिट्टी नसते, आणि दर वेळी एखादी बादली भरायची राहते.

विजापूर वेस

१२ जानेवारीला सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ भेटायचे. गड्ड्यातलं यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक, त्याच सुमाराला, घरात धांदल असणार, तरी यायचे. धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन, चारही नावं मोठ्यानं घ्यायचे, सॅल्यूट ठोकायचे आणि सायकलवर टांग मारून जायचे. माझ्या अब्बांच्या जनाजाला ते पहिल्या रांगेत होते. बास.

त्यांच्याच कंपनीतला

१९७१ चं विचारताय. त्यांनी सांगितलं नाही, मीही फार सांगणार नाही. डिसेंबरात तिकडची माती बोटांना चावते. सुरुंग शोधायला पोटावर झोपून सळई तिरकी घालत जायची, तीस अंशात. उभी घातली की संपलं. ते माझ्या पुढं होते. मी त्यांच्या बुटांचे तळवे बघत सरकत होतो.

धागा काढणारा

सगळं वाचलं, प्रिंट काढून घरी देतो. एक कामाचं. नोव्हेंबर आला की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अप्पा सात-आठ जणींना घेऊन जायचे. यादी त्यांच्या वहीत आहे, वही सूनबाईंकडं. माझी गाडी सोमवार आणि मंगळवार मोकळी असते. बाकीच्या दिवसांचं कोण बघणार ते खाली लिहा. ज्यांची बोटं मशीनवर उठत नाहीत त्यांना एकाऐवजी दोन फेऱ्या लागतात, त्या हिशेबानं.

होम मैदानावर धावणारा

गुरुवार माझा.